फोटोंतून उभं राहणारं घर

आज बोलायला सुरुवात करण्याआधी एक गंमत करून बघू. हातातलं काम जरा बाजूला ठेवा. एक हात लांब करा आणि अंगठा उभा धरा. आता डावा डोळा मिटून अंगठ्याकडं बघा, मग उजवा मिटून बघा. अंगठा जागचा हललेला नाही, तरी मागच्या कॅलेंडरसमोरून तो इकडून तिकडं उडी मारल्यासारखा दिसतो. हात नाकाजवळ आणला की उडी मोठी होते, लांब नेला की लहान.

एसटीत खिडकीशी बसलं की हेच दिसतं. साताऱ्याहून कराडकडं जाताना रस्त्याकडेचा ऊस भराभर मागं पळतो, त्यामागची मोटारीची खोली सावकाश सरकते आणि लांबचा डोंगर तर आपल्याबरोबरच चाललाय असं वाटतं. जवळचं जास्त हलतं, लांबचं कमी. कोण किती हललं यावरून कोण किती लांब आहे ते कळतं. आपले दोन डोळे जन्मभर हेच गणित करत असतात, म्हणून तर सुईत दोरा ओवता येतो. एक डोळा मिटून ओवून बघा, कितीदा चुकतो ते.

आज ज्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं आहे, त्याच्या पोटात एवढंच गणित आहे. साध्या मोबाइलनं काढलेले पुष्कळ फोटो त्याला दिले, की त्या फोटोंतली जागा ते पडद्यावर उभी करतं. मग त्या जागेत बोटानं फिरता येतं, कोपऱ्यावरून वळता येतं, पायऱ्या उतरता येतात. याला फोटोवरून केलेलं त्रिमितीय मॉडेल म्हणतात. त्रिमितीय म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली असलेलं.

आम्हाला हे पहिल्यांदा नीट समजलं ते लिंबच्या विहिरीवर. साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला बारा-तेरा किलोमीटरवर लिंब गाव आहे. तिथली बारा मोटेची विहीर तुमच्यातल्या कितीतरी जणींनी पाहिली असेल. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाईंनी ती बांधून घेतली. एका बाईनं बांधलेली विहीर आहे, हे मुद्दाम सांगतो. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. पायऱ्या उतरून आत गेलं की कोरीव खांबांचा छोटा महालच लागतो. वर बारा मोटा एका वेळी चालत, म्हणून हे नाव.

आमच्यातल्या एकीची लेक पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती आम्हा सहाजणींना तिथं घेऊन गेली. आम्ही नेहमीसारख्या कठड्याला टेकून फोटोला उभ्या राहिलो, तर ती म्हणाली, "मावशी, ते नंतर. आधी विहिरीभोवती चालत चला आणि दोन-दोन पावलांवर एक-एक फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे." आम्ही वरून एक फेरी मारली, मग पायऱ्यांवरून, मग महालातून. चारशेच्या वर फोटो निघाले. रिळाचा जमाना असता तर? छत्तीस फोटोंत आख्खं लग्न उरकायचं!

ते फोटो तिनं संगणकात घातले. पुढं संगणकानं काय केलं, ते पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी खुणा शोधायची. प्रत्येक फोटोत ते हजारो बारीक खुणा हेरतं. दगडाचा तुटका कोपरा, छिन्नीचा घाव, भेगेतून आलेलं शेवाळ, असं जे आजूबाजूपेक्षा वेगळं दिसेल ते.

दुसरी पायरी जोड्या लावायची. या फोटोतली ही खूण आणि त्या फोटोतली ती खूण एकच आहे का, ते ताडून बघायचं. आपण ब्लाउजपीसची किनार साडीच्या काठाशी लावून बघतो, तसंच.

तिसरी पायरी अंगठ्याच्या उडीची. एकच खूण वेगवेगळ्या फोटोंत किती सरकली, यावरून दोन गोष्टी एकदमच निघतात. ती खूण नेमकी कुठं आहे, आणि फोटो काढणारी बाई त्या वेळी कुठं उभी होती. आम्ही कुठं उभ्या होतो हे आम्ही संगणकाला सांगितलंच नव्हतं. तरी पडद्यावर विहिरीभोवती आमच्या चालण्याची आख्खी वाट दिसली. एकजण मध्येच सावलीला जाऊन बसली होती, तेही दिसलं.

चौथ्या पायरीला या खुणांचे रंगीत ठिपके अधांतरी उभे राहतात. आधी विरळ, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, मग हळूहळू दाट. शेवटी ठिपक्यांना ठिपके जोडून कातडं ओढल्यासारखा पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावर फोटोंतले रंग बसवले जातात. झाली विहीर.

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात बसून बोटानं लिंबची विहीर उतरलो. दगड इतका सुरेख आला होता की घाव मोजून घ्यावेत. पण तळाला पाणी होतं, तिथं नुसतं भोक. पाणी हलतं, चकाकतं, आभाळ दाखवतं. त्याच्यावर टिकून राहणारी खूणच नसते, मग जोडी कशी लागणार? चुन्यानं रंगवलेली कोरी भिंत, काच, आरसा, घासलेलं पितळेचं भांडं, वाऱ्यावर हलणारी झाडं यांचंही असंच होतं. आपल्याला जे लखलखीत दिसतं तिथं हे आंधळं होतं, आणि जिथं ओरखडे, डाग, पोपडे, तिथं त्याला लख्ख दिसतं.

आणखी एक. ही विहीर ५० फुटांची आहे की घागरीएवढी, हे नुसत्या फोटोंवरून संगणकाला कळत नाही. त्याला आकार कळतो, माप कळत नाही. म्हणून त्या मुलीनं पायरीवर शिंप्याची टेप एक मीटर उलगडून ठेवली होती. "एवढं एक मीटर" असं एकदा सांगितलं, की बाकीची सगळी मापं तिथून निघतात.

ही युक्ती कालपरवाची आहे असं समजू नका. १८५८ साली जर्मनीत आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण वेट्झलारच्या मोठ्या चर्चची मापं घेत होता. उंचावरून पडता पडता वाचला. तेव्हा त्याच्या मनात आलं, जीव धोक्यात घालून भिंतीवर चढण्यापेक्षा फोटो काढून त्यावरूनच मापं घेता आली तर? पुढं जन्मभर त्यानं तेच काम केलं. त्या काळी ते सगळं हातानं, कागदावर करावं लागे. २००६ साली अमेरिकेत नोआ स्नेव्हली, स्टीव्हन साइट्झ आणि रिचर्ड सेलिस्की यांनी दाखवून दिलं, की इंटरनेटवर अनोळखी प्रवाशांनी टाकलेले फोटो गोळा करूनही एखादी इमारत अशी उभी करता येते. २००९ मध्ये असेच दीड लाख फोटो घेऊन रोम शहरातल्या जागा एका दिवसाच्या आत उभ्या केल्या गेल्या; त्याला एकमेकांना जोडलेल्या संगणकांतल्या सुमारे पाचशे प्रोसेसर-कोअरचं बळ लागलं. २०२३ पासून ठिपक्यांच्या जागी रंगाचे मऊ, अर्धपारदर्शक पुंजके वापरायची नवी रीत आली आहे. तिच्यामुळं झाडाची पानं आणि चकाकी पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगली दिसते.

आणि मोडलेली वस्तू? अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरातल्या बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती २००१ साली सुरुंग लावून उडवल्या. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या विद्यापीठातल्या लोकांनी १९७० सालचे मोजणीसाठी काढलेले फोटो आणि प्रवाशांचे फोटो घेऊन मोठ्या मूर्तीचं मॉडेल संगणकावर तयार केलं. मूर्ती गेली, पण कुणीतरी तिचे फोटो काढून ठेवले होते.

हे ऐकलं आणि आम्हाला आमच्यातल्या एका आत्यांची आठवण आली. त्यांचं घर कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणीच विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आत्यांच्या घराच्या भिंती मातीच्या. पाणी बरेच दिवस राहिलं, आणि ओसरलं तेव्हा घर बसलं. आता त्या जागी स्लॅबचं घर आहे. चांगलं आहे, कोरडं आहे. पण आत्या अजून रात्री उठल्या की जुन्या घराच्या अंदाजानं चालतात आणि भिंतीवर आपटतात.

आम्ही म्हटलं, आत्यांना त्यांचं घर दाखवू. नातेवाइकांकडून फोटो मागवले. पुण्या-मुंबईहून आले, इचलकरंजीहून आले. लग्नाच्या अल्बममधले, बारशाचे, गौरी-गणपतीचे, कुणाच्या मोबाइलमधले. साठेक जमले. सगळे काही उपयोगी पडले नाहीत. निम्म्यांत माणसंच माणसं, घर दिसतच नव्हतं. तरी वीसेक फोटो एकमेकांना जुळले आणि ठिपक्यांमधून घर वर आलं. दारातलं तुळशीवृंदावन आलं. जोत्याच्या पायऱ्या आल्या. सोपा तर जवळजवळ सगळा आला, कारण तिथंच मांडव पडायचे, तिथंच पाहुणे बसायचे, तिथंच गणपती. खुंट्या आल्या. माजघराच्या दाराची चौकटही आली.

आत्यांना खुर्चीवर बसवून पडदा समोर धरला. त्यांनी वृंदावन ओळखलं, सोप्यावर आल्या, तुळईवरची जुनी खूण दाखवली. मग दाराच्या चौकटीपाशी आल्या आणि थांबल्या. पुढं काळं होतं.

"आत जा की," त्या म्हणाल्या.

"आत फोटो नाहीत, आत्या."

त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तर आतच होते."

स्वयंपाकघराचा आम्हाला सगळ्या खानदानात मिळून एक फोटो मिळाला होता. त्यात पुरणपोळ्यांचं ताट होतं आणि मागं चुलीचा एक कान दिसत होता. एका फोटोवरून खोली निघत नाही; अंगठ्याची उडी दिसायला दोन डोळे लागतात. परड्यातली न्हाणी, जातं मांडायची जागा, उतरंड, बाळंतिणीची खोली, यांचा तर एकही फोटो नव्हता. त्रेपन्न वर्षं ज्या जागेत त्यांचा दिवस उगवला आणि मावळला, ती जागा फोटो काढण्यासारखी आहे असं कुणाला वाटलंच नाही. आत्यांनाही नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. तुमचा अल्बम आज उघडून बघा.

त्या दिवशी आम्ही दुसरी रीत केली. अंगणात रांगोळीनं आत्यांनी सांगितलं तसं स्वयंपाकघर आखलं. चूल इथं, वैलाची बाजू ही, पाण्याची घागर इकडं, फळी डोक्याइतक्या उंचीवर. त्या बोलत गेल्या आणि आम्ही आवाज टिपला. आता मॉडेलमध्ये त्या काळ्या चौकटीपाशी पोचलं, की आत्यांचा आवाज ऐकू येतो. आत दिसत नाही काही, पण कोण होतं ते कळतं.

यावरून आम्ही एक ठरवलं, आणि तुम्हीही ठरवा असं सुचवतो. दर वर्षी पाऊस लागायच्या आधी, कुरडया-पापड वाळत घालायच्या दिवसांतच, आपल्या घराचे असे फोटो काढून ठेवायचे. जुनं घर पाडून नवं बांधणार असाल तर नक्कीच.

कसे काढायचे? उजेड सगळीकडं सारखा पाहिजे, म्हणून सकाळी किंवा ढगाळ हवेत काढा. खिडक्या-दारं उघडा. फ्लॅश लावू नका, झूम करू नका. एका जागी उभं राहून स्वतःभोवती गिरकी घेऊ नका. तसं केलं तर डोळा जागच्या जागीच राहतो आणि उडी दिसत नाही. पाठ भिंतीला लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं एक-एक पाऊल सरकत समोरच्या बाजूचे फोटो काढा. एक फेरी छातीच्या उंचीवरून, एक खाली बसून. दारातून पलीकडच्या खोलीत जाताना जास्त फोटो काढा, म्हणजे दोन खोल्या एकमेकींना जोडल्या जातील. एका खोलीला साठ-सत्तर फोटो पुरतात. कुठंतरी टेप किंवा मीटरपट्टी उलगडून ठेवा. फोटो काढत असताना कुणी मधून फिरू नये. आणि आवरू नका! मांडणीवरचे डबे, भिंतीवरचा धूर, कोपऱ्यातला पाटा-वरवंटा, याच तर खुणा आहेत.

मॉडेल लगेच करायलाच पाहिजे असं नाही. फोटो असले तर दहा वर्षांनीही करता येईल. कोलमॅप, मेशरूम अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांना जरा दणकट संगणक लागतो. गावातली शिकणारी मुलं मदत करतील. मोबाइलवर चालणारी अ‍ॅपही आहेत. त्यांतली बरीचशी आपले फोटो कंपनीच्या संगणकावर पाठवून तिथं काम करतात. म्हणून घराच्या आतले फोटो देण्याआधी दागिने, कागदपत्रं, पासबुक, कपाटाच्या किल्ल्या आणि लेकरं त्यात नाहीत ना, ते बघा. तयार झालेलं मॉडेल सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका. आपल्या घराचा आतला नकाशा आहे तो. आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी, माहेरी किंवा लेकीकडं ठेवा. पुरात घर जातं तेव्हा कपाटातला अल्बमही जातो.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हेच गणित सध्या सरकारही करतं आहे, तुमच्या-आमच्या डोक्यावरून. गावठाणात ड्रोन उडतो ना, ती स्वामित्व योजना. २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी ती सुरू झाली. त्याच्या आधी आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. ड्रोन गावावरून पट्ट्यापट्ट्यानं फिरतो आणि एकावर एक चढणारे फोटो काढतो, आम्ही लिंबच्या विहिरीभोवती काढले तसेच. ते जुळवून गावठाणाचा नकाशा होतो आणि त्यावरून प्रत्येक घराची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात देशभर ६५ लाख कार्डं वाटली गेली. घराचा कागद झाला की बँकेचं कर्ज मागता येतं, हद्दीची भांडणं मिटवता येतात.

पण आत्यांचं वाक्य आठवा. वरून ड्रोनला काय दिसतं? छप्पर. एका छपराखाली दोन भावांची घरं असतील तर मधली भिंत त्याला दिसत नाही. झाडाखालची न्हाणी दिसत नाही. म्हणून उडण्याआधी हद्दींवर चुन्याच्या रेघा मारतात. रेघ जिथं मारली तीच त्याची खूण. ती मारताना घरातलं कोण हजर असतं? बहुतेक वेळा दीर, भाचा, नाहीतर शेजारी. बाई आत चहा करत असते.

आणि त्या घरात कोण राहतं, कुणी राबून ते उभं केलं, हे तर कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. ते नाव माणसंच सांगतात आणि माणसंच लिहितात. म्हणून मैत्रिणींनो, ड्रोनच्या आधीच्या ग्रामसभेला जा. चुना मारताना बाहेर या आणि आपली हद्द स्वतः दाखवा. नंतर घरोघरची चौकशी होते, हरकती घेतल्या जातात. त्या दिवशी कागद घेऊन हजर राहा. एकल बायकांनी तर नक्कीच. सोबत पाहिजे असेल तर गटातल्या दोघींना घेऊन जा. कार्ड आधीच झालं असेल तर ते काढून आणा आणि नावं वाचा. नवरा गेला असेल आणि अजून त्याचंच नाव असेल, तर वारसनोंदीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावता येतं, तेही विचारा.

आत्यांच्या नव्या घराच्या कागदावर आता मुलाच्या नावाखाली त्यांचंही नाव लागावं म्हणून अर्ज दिला आहे. तो भरताना मुलगाच म्हणाला, "आईचं नाव आधीच लागायला पाहिजे होतं, आमच्या लक्षातच आलं नाही." लक्षात आलं नाही, एवढंच असतं पुष्कळदा. फोटो काढतानाही आणि कागद करतानाही.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात एक फेरी मारा. आणि घराचा कागद काढून त्यावर आपलं नाव आहे का, ते बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमच्याच घरांबद्दल बोलू.